आठ मीटर झालर

शाल्मली गजभिये पहिल्यांदा आली तेव्हा
मला वाटलं, कुणी वारलं असेल घरात.
काळं कापड, काळी लेस, काळा दोरा,
नखंसुद्धा काळी.
"मावशी, आठ मीटरची झालर लागेल.
चुण्या दाट. चालताना आवाज आला पाहिजे."

गोळीबार चौकात माझं फॉल-पिकोचं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
चाळीस वर्षांत रंग सांगितला लोकांनी, माप सांगितलं,
आवाज कुणी सांगितला नव्हता.

मग तौसीफ आला, आजोबांची शेरवानी घेऊन,
"हिला वटवाघूळ करायचंय."
गांधीबागेतला मोनिल आला,
बापाच्याच दुकानातून लांबवलेली जाळी कुर्त्यात लपवून.
आणि सदरची डेझी, तिला सगळं गुलाबी,
बाहुलीसारखं, पण बाहुली मेलेली.
मेलेली म्हणजे कशी गं?
"थोडी वाकडी शिवा, बस."
वाकडं शिवायला मला दोन रात्री लागल्या.

एकतीस ऑक्टोबर. संध्याकाळ झाली तरी
डांबर तापलेलं.
"तुम्ही पण चला न मावशी, काही उसवलं तर?"
ब्लाउजला चार सुया टोचल्या, रीळ बटव्यात,
जांभळं पातळ नेसून निघाले भुतांबरोबर.

अग्रसेन चौकात मेट्रोच्या तपासणीला
तौसीफच्या साखळ्या वाजल्या, मोनिलचा खिळ्यांचा पट्टा वाजला,
सगळं सोडलं त्यांनी.
अडवली ती माझी कात्री.

फुटाळ्यावर कणसांचा धूर, बुलेटवरचे पोट्टे.
"शूटिंग हाय का बे?"
"हे काऊन असे फिरून राहिले?"
एक हवालदार काठी टेकत आला,
तौसीफने टोपी काढून वाकून सलाम केला,
तर तो बिचारा गोंधळून म्हणाला,
"फिरा, पण कठड्यावर नका चढू."

शेंगदाणेवाला मात्र बघत राहिला शाल्मलीकडे,
वरून खाली, खालून वर.
"मारबत तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते.
हे आज कुठून आली?"
आजूबाजूचे हसले. मला वाटलं, आता ही रडेल.
तिने पंखा मिटला.
"काका, तिच्या मागे लोक ओरडतात, इडा पीडा घेऊन जा,
आणि शेवटी जाळतात तिला.
आम्ही रात्री घरी जातो."

तो काही बोलला नाही.
पुडी भरताना माप विसरला.

परतताना ई-रिक्षाच्या चाकात झालर गेली.
दोन मीटर तरी फाटली असेल, मला तो आवाजही कळला.
मी तिथेच बसले, दिव्याखाली, रस्त्यावर मांडी घालून.
मोबाइल घेऊन माणसं जमली.
"उजेड सोडा," म्हटलं, "मग काय काढायचं ते काढा."
तिच्या बुटाची टाच चिकटपट्टीने बांधलेली होती.
सहा वाजेपर्यंत ती लॅबमध्ये रक्त काढत होती,
पांढऱ्या कोटात, घाईत बुटांकडे कोण बघतं.

टाके घालताना बाबांचे हात आठवले.
चंद्रकळा विणायचे, दुसऱ्यांच्या संक्रांतीसाठी,
रंगात हात बुडवून बुडवून
नखं बारा महिने काळी.
जेवताना आई म्हणायची, घासा ती.
घासून जात नसत.
माग भंगारात गेला, किलोच्या भावाने.

कात्री मेट्रोत राहिलेली.
दोरा दातांनी तोडला.
डेझीने टाळी वाजवली,
"मावशी, आमच्यात खरी चेटकीण तुम्हीच!"

घरी सुनेने विचारलं, इतक्या उशिरा कुठे होता?
उलट विचारलं, खिचडी उरली का गं?

दुसऱ्या दिवशी बाई आली, मुलीच्या लग्नाची साडी घेऊन,
फॉल लावायला.
कापड हातात घेऊन मी दोनदा हलवून पाहिलं,
विचारलं, "आवाज हवा का?"
"अं?"
"काही नाही. मंगळवारी या."