साडेनऊचं नाटक

सेलूत, स्टेशन रोडला, माझं डिश रिचार्जचं दुकान.
कोण काय बघतं, मला नंबरासकट पाठ.

यंदा चैत्रापासून जो तो एकच चॅनल मागायचा.
रात्री साडेनऊला तिथं काही माणसं
संगीत नाटक बसवत होती.
बसवतच होती.
चार महिने झाले, पहिला अंक उभा राहीना.

सावित्रा कुलथे ब्लाउज शिवते. ती म्हणाली,
"नायिकेच्या शालूला फॉलच नाही वो लावलेला.
पडती बघा ही एक दिवस."
तीन आठवड्यांनी नायिका पडली, भर तालमीत,
आणि सावित्राच्या दारात फॉल-पिकोचा ढीग लागला.

दगडोबा गित्ते हॉटेलवाला. त्याची तक्रार साधी :
"एवढी माणसं तालीम करायलेत, जेवायलेत कधी?
एकदा तरी पोहे दाखवा की.
चहाचं बिल कोण देतं, तेवढं दाखवलं तर मी खरं मानीन."

गफ्फारमामू आधी पेट्या दुरुस्त करायचे, आता कूलर.
ते आवाज बंद करून बघायचे.
"सूर एक बोलतोय, बोट दुसऱ्याच पट्टीवर."
एका रात्री त्यांनी माळ्यावरची पेटी काढली
आणि त्या नटाची बोटं जिथं जिथं पडली
तिथं तिथं आपली टाकून बघितली.
"काय वाजलं मामू?"
"भंगार," म्हणाले.
मग थोडं थांबून, "पण दोन जागा चांगल्या लागल्या."

प्रांजली अकरावीतली. वडलांचं रिचार्ज मारायला यायची.
तिनं विचारलं, "दिग्दर्शक एवढा ओरडतो,
मग ती ऑर्गनवाली पोरगी सोडून काहून जात नाही?
मी सोडलं. गॅदरिंगच्या सरांनी माझी वही फेकली तेव्हा."
मला उत्तर सुचेना. म्हटलं, तिला पैसे मिळतात.
"मग ठीक," ती म्हणाली,
आणि सुटे मोजून न घेताच गेली.

त्या नाटकात एक पद होतं.
*कोण उभे हे दारी, सखे गं,*
*दिवा लावू की मालवू...*
इथपर्यंत आलं की कुणीतरी आत यायचं,
कुणाचा तरी फोन वाजायचा, भांडण, जाहिरात.
तिसरी ओळ चार महिन्यांत कुणी ऐकली नाही.
आमची ही पीठ मळता मळता तिथंच अडायची
आणि परातीवर हात आपटायची.

मला आठ दिवस आधी कळलं होतं.
एजंटाचा मेसेज : मालिका बंद, त्या वेळेला कुस्त्या.
मी कुणाला बोललो नाही.
महिन्याभराचे रिचार्ज मारत राहिलो.

शेवटच्या दिवशी तिसरी घंटा झाली,
पडदा थरथरला,
आणि त्याच्यावरून नावं सरकायला लागली,
वर, वर, लाइटवाल्यापर्यंत.

सकाळी सगळे दुकानात.
सावित्रा म्हणाली, "माझ्या मनात तर शालू तयार होता."
दोघातिघांना पैसे परत पाहिजे होते.
प्रांजलीनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"
मी रिमोटची बॅटरी बदलत होतो.
बदललेलीच पुन्हा बदलली.
"होतं," म्हटलं.

कुणी काही बोलेना. तेवढ्यात मामू आले,
पेटी कूलरच्या खोक्यात घालून.
काउंटरवर ठेवली, भाता सोडला,
दोन ओळी वाजवल्या आणि थांबले.
"बोला. पुढं?"

सावित्रानं चंद्र आणला. मामूंनी मान हलवली.
एक जण म्हणाला, मालवूनच टाका, विषय संपला.
दगडोबा दारातून ओरडला,
"अरे, जेवला का ते आधी विचारा त्याला!"
सगळे हसले. मामू हसले नाहीत.
त्यांनी काळी दोनवर बोट ठेवलं, डोळे मिटले :
*जेवला का, ते आधी विचारू...*

बसलं. मात्रेला मात्रा.
पैसे परत मागणारे खुर्ची शोधायला लागले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक, पायात चप्पल तशीच,
"कुस्तीचा पॅक मारा हो लवकर."
मी म्हटलं, थांबा.
चौथी ओळ व्हायलीय.