मालक-चालक

होटगी रोडवरच्या शोरूमात एसी असा
की अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल अंगभर ओढला.
बाहेर बेचाळीस.

विम्याची पोरगी, आडनाव चिलका,
टॅब माझ्याकडे वळवून:
रबर, प्लॅस्टिक मोडलं तर निम्मेच पैसे,
काचेला मात्र घट धरत नाहीत.
झीरो डेप घेतलात तर प्रश्नच नाही.
मी म्हटलं, बाहेरून काढला तर सहा हजार वाचतात.
"काढा की. ठोकल्यावर फोनही त्यालाच लावा."

मग म्हणाली, मालक-चालकाचा पंधरा लाखांचा,
हा लागतोच.

अप्पांनी मान वर केली.
चौतीस वर्षं मागांवर
मालक म्हणजे गादीवर बसून
डागी टॉवेलांचे पैसे
शनिवारी पगारातून कापणारा.
"मालक कोण?"
"हेच की, तुमचे चिरंजीव."
अप्पा माझ्याकडे बघत राहिले,
जरा सावरून,
शनिवार असल्यासारखे.

"नॉमिनी?"
सवयीनं सांगून गेलो: नरसय्या.
"वय?"
"एकाहत्तर."
तिचं बोट थांबलं.
"वहिनींचं टाकू या ना, सर."

अप्पा उठून गाडीपाशी गेले,
टॉवेलाच्या टोकानं काच पुसली,
तेलुगूत विचारलं,
घट नाही म्हणाली ती ह्यालाच ना?