खरखरीचा पत्ता

हलमध्ये, हेसल रोडच्या मागे,
जिथे बोळाला बोळ न म्हणता 'टेनफूट' म्हणतात,
वरच्या खोलीत बसून मी डॉक्टरांचे आवाज टाइप करते.
मान, गुडघा, यकृत, पुन्हा मान.
मंगळवारपासून आवाजात खरखर आहे.
सतत असती तर सवय झाली असती.
ही मनाला येईल तेव्हा येते,
तापल्या तव्यावर पाण्याचे चार शिंतोडे उडावेत तशी,
आणि मी हेडफोन काढेस्तोवर गप्प.

गुरुवारी डॉक्टर विटकम म्हणाले,
'एव्हिडन्स ऑफ स्प्रेड'.
मी तसंच लिहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक,
मागे नेऊन ऐकलं,
तर पुढे स्वच्छ, कोरडा एक 'नो'.
आपल्यात नाही शेवटी येतं.
वाक्यभर जीव टांगणीला लागतो,
पण आलं की दार ओढून घेतं.
इंग्रजीत ते उंबऱ्यावरच पडलेलं.
कुणाचा पाय पडला तर कळतही नाही.
मंगळवार ते गुरुवार एकतीस पत्रं गेली होती.
ती सगळी परत मागवून पुन्हा ऐकली, फुकट.

ड्रायव्हर काढला, घातला.
माइकचा बूस्ट शून्यावर आणला
(माइक जोडलेलाच नव्हता, तरी कान टवकारून होता).
चव्वेचाळीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांवर गेले;
एक रात्र बरं वाटलं, अंगारा लावल्यासारखं.
प्लग या भिंतीतून त्या भिंतीत.
हीटर बंद करून, कोट घालून बसले,
बोटं गारठली, खरखर नाही.
म्हणजे खरखर गारठली नाही.
माउसचं चाक फिरवलं की मात्र
आत कुणीतरी दात खायचं.
चिंचवडहून भाऊ म्हणाला, "नवीनच घे ना."
दुखतंय कुठे ते न कळता?

शनिवारी डोरीन हॅल्डनबी पार्सल द्यायला आली.
त्र्याऐंशी वर्षांची. या शहराचे फोन स्वतःचे,
त्यांच्या खोक्याही इथे क्रीम रंगाच्या,
आणि त्या एक्स्चेंजमध्ये तिची एकवीस वर्षं गेली.
"मला तुझी खरखर ऐकू येणार नाही," म्हणाली,
"पण थांब."
कानातल्या यंत्राचं बटण दाबून ते 'टी'वर नेलं.
चहाचा टी नव्हे.
त्या खुणेवर माणसं बंद होतात,
आतलं तारेचं वेटोळं जागं होतं
आणि वीज तेवढी ऐकू येते.

मी कॅबिनेटचं दार उघडलं.
ती गुडघ्यांवर, एक हात माझ्या खुर्चीला,
आजाऱ्याच्या छातीला कान लावावा तशी.
पॉवर सप्लायपाशी: "हा गुणगुणतोय. ठणठणीत आहे."
ग्राफिक्स कार्डपाशी: "हा चिडका. चाक फिरव बघू. हं."
मग खाली, बोर्डाच्या कडेने सरकत,
धुळीत, चिडक्याच्या पोटाखालून
पुढच्या सॉकेटकडून येणारी एक बारीक काळी केबल.
"ही बया," डोरीन म्हणाली,
"सगळ्यांची ऐकते आणि तुझ्या कानाला लागते.
अशी एक होती आमच्यात, नाइट शिफ्टला."
टोक अर्धवटच बसलेलं होतं, बोट लावताच हललं.
मी उपसून काढलं.

आता हेडफोन मागच्या हिरव्या भोकात.
दोर पुरेना म्हणून टेबल फिरवलं;
खिडकी पाठीमागे गेली,
पार्सलवाला दिसत नाही, बेल चुकते.
कधीमधी एक टिक येते अजून.
डोरीनला सांगितलं तर म्हणाली, "असू दे,
एवढं भाडं तर ती देतेच आहे की."
कशाचं भाडं, ते मी विचारलं नाही.

बाकी इतकं स्वच्छ
की डॉक्टर विटकम आवंढा गिळतात तेही कळतं,
'नो'च्या आधी.
आणि जिथे 'नो' नसतो तिथेही.
तो टाइप करायचा नसतो.