कारणाचा रकाना

गुराम, तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले
आणि तुम्ही अजून रोज रात्री
दोन वाजून दहा मिनिटांनी लॉग इन करता.

टेकडीवर काळ्या दगडात तुमचा चेहरा कोरलाय,
मिशीसकट, चष्म्यासकट.
इथे कुताईसीच्या प्रसूतिगृहात, तळघरात,
तुमचा पासवर्डसुद्धा बदललेला नाही.

सोमवारी तिबिलिसीहून तपासनीस येतायत.
त्यांना एक तक्ता हवाय, साधाच:
कोणाला, कशावर, काय करायची मुभा,
कोणी दिली, कशासाठी.
पहिले चार रकाने डेटाबेस स्वतःच भरतो,
शपथ घेतलेल्या साक्षीदारासारखा.
पाचवा त्याला ठाऊक नसतो.

म्हणून फेब्रुवारीतल्या या शनिवारी
हीटरला पाय टेकवून
मी तुमच्या मागे मागे चाललेय.

सगळे धागे तुमच्यापाशीच येतात.
तुम्ही एतेरीला रक्तगट वाचायची मुभा दिलीत
आणि पुढे देण्याचीही.
(हात राखून देणं तुम्हाला कधी जमलंच नाही,
चाचासुद्धा पेल्याबाहेर सांडेपर्यंत ओतायचात.)
एतेरीनं रात्रपाळीच्या पोरींना दिली,
त्यांनी लॅबला,
लॅबनं कुणा ‘तात्पुरता३’ला.
हा तात्पुरता आता सात वर्षांचा झालाय,
वाचता येण्याच्या वयाचा.
आणि वाचतोय. सगळं.

तुमचं खातं नुसतं पुसता येत नाही.
डेटाबेस म्हणतो, यावर इतर अवलंबून आहेत.
चाळिसाव्या दिवशी मेडेआ हेच म्हणाली होती,
वेगळ्या शब्दांत.

तरी काढायचंच, तर एक शब्द जोडायचा: कॅस्केड.
मग तुम्ही दिलेलं, त्यांनी दिलेलं,
त्यांच्याकडून ज्यांना मिळालं त्यांचंही
एका एंटरसरशी गळून पडतं,
आणि पहाटे तीनला पिवळं पडलेलं बाळ कडेवर घेऊन
एतेरी उभी असते,
स्क्रीन म्हणते: परवानगी नाही.

म्हणून आधी भूमिका बांधल्या.
रात्रपाळी. लॅब. नोंदणी.
मुभा कामाला द्यायची, माणसाला नाही,
यावरून आपण किती भांडलो!
तुम्ही हसायचात:
लामारा, भूमिकेला कोण ओळखतं? मी एतेरीला ओळखतो.

दोनशे बाराव्या ओळीवर हात थांबला.

एक व्ह्यू. त्यात एकच ओळ, एकच रकाना.
नाव नाही, पत्ता नाही, आई नाही.
एका मुलाबद्दल, जन्म अठ्ठ्याण्णवचा,
दत्तक गेलेल्या,
फक्त एवढंच: हयात — होय.

वाचण्याची मुभा: त्सिआला, धोबीघर.
लॉग काढून पाहिला.
वर्षातून एकदा, चार मार्चला,
चादरी मोजायच्या त्या जुन्या संगणकावरून
एक प्रश्न. चार सेकंद.
पुन्हा वर्षभर काही नाही.

गुराम, आयुष्यात एवढं काटेकोर
तुम्ही दुसरं काही केलं नाहीत.
जेवढं लागतं तेवढंच, तसूभर जास्त नाही;
शिकाऊ पोरांना दाखवावी अशी मुभा.
आणि साफ बेकायदा.
कागद नाही, सही नाही, मंजुरी नाही.
असती तर कोणाची असती?

नव्या भूमिका जागेवर बसल्या.
दोन-दहाचं काम मी दुसऱ्या खात्यावर वळवलं,
आज रात्री तुम्ही येऊ नका.
मग तो शब्द लिहिला.
एकशे सत्तेचाळीस मुभा पडल्या,
‘तात्पुरता३’ पडला,
तीही पडली.

कॉमिट अजून केलेलं नाही.

तक्त्यातून तिची ओळ गाळता आली असती.
सोमवारी कोणी विचारलं नसतं.
मी लिहिली:
कोणाला, त्सिआला. काय, वाचणे.
कोणी दिली, मृत.
कशासाठी,

आणि तिथे कर्सर लुकलुकतोय.
भिंतीपलीकडे मोठं मशीन सुरू झालंय,
शनिवारी तिचीच पाळी असते.
उघडा व्यवहार असा ताटकळत ठेवू नये,
हे तुम्हीच शिकवलंत.
पाच मिनिटं.
विचारून येते.