दुरेघी

चवथीच्या सुट्टीआधीचा शनिवार, वीज नव्हती,
झेरॉक्सचं दुकान देवगडला,
म्हणून तांबळडेगच्या अकरा वह्यांत
सुट्टीची ओळ मी हातानेच घातली:
आमच्या घरी गणपती आले.
खाली दहा ओळी रिकाम्या.
वही उलटी केली की चाररेघी, पट्टीने आखलेली,
तिथे इंग्रजीचं कर्सिव्ह:
मोदक, मोदक, मोदक,
एका दमात, पेन्सिल न उचलता.

रुंजी कुबल डावरी. तिचा तळहात
नेहमी तिनेच लिहिलेलं पुसत पुढे जातो.
ती म्हणाली, "बाईनू, आमची अक्षरां लोंबकाळतत
नि इंग्लिशची खाली बसतत.
असां कित्याक?"
डीएडला हे कुणी शिकवलं नव्हतं.
मी म्हटलं, उद्या सांगते.
उद्या रविवार होता.

रविवारी तिच्या घरी गेले, बोलावलं होतं म्हणून.
मी उदगीरची. माटवी पहिल्यांदाच पाहत होते.
छताखाली कामट्यांची चौकट,
आणि रुंजीचे बाबा स्टुलावर उभे राहून
तिला एकेक बांधत होते:
कवंडळं, हरणाची फुलं, आंबाडे,
सुपारीचा कच्चा घोस,
एक शहाळं, जे दोनदा सुटून पडलं
आणि दोनदा सगळे हसले.
खाली पाट रिकामा होता.
मी वर बघत राहिले.
रुंजी माझ्या ओढणीला धरून म्हणाली,
"बगा बाईनू, शिरोरेघ."

परतताना पुळणीवरून आले.
सणासाठी होड्या वर ओढलेल्या,
नाकाला शेपूट, दोरीने एकीला एक जोडलेल्या,
वाळूच्या रेघेवर बसलेल्या.
मग मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

सुट्टी संपली. वह्या आल्या.
एकीला खोबऱ्याचा वास, एकीवर गुळाचा अंगठा.
पोरं पहिली ओळ माझं बघून लिहितात,
दुसरी त्यांच्या पहिलीचं,
तिसरी दुसरीचं.
सातव्या ओळीपर्यंत ग ची काठी
सरकत ण च्या पोटाला टेकते,
ती ची वेलांटी शिडासारखी फुगते,
आणि दहाव्या ओळीत माझं काहीच उरत नाही.
मी लाल पेन उघडलं,
आणि तसंच धरून बसले.
माझा तरी ग कुणाचा?
बिरादार गुरुजींची एक ओळ,
आणि खाली माझी एकोणतीस वर्षं.

अफिफा मुकादमने पहिला शब्द बदलला होता:
रुंजीच्या घरी गणपती आले.
दहाही वेळा, न चुकता,
रु चा उकार जागच्या जागी.
हे मला आधी सुचायला हवं होतं.

वेदांग कोयंडेची वही सगळ्यांत खाली.
आमच्या घरी गणपती आले नाहीत.
आमच्या घरी गणपती आले नाहीत.
अक्षर एवढं नेटकं की मी घाबरले.
कोण गेलं असेल? मला कसं कळलं नाही?
बाहेर खेळत होता, दिसत होता,
हाक मारायला तोंड उघडलं
आणि पानाच्या तळाशी, रेघा संपल्यावर,
बारीक अक्षरात दिसलं:
सोयर हा. भयण झाली.
आणि दहाव्या ओळीची शिरोरेघ
पानाच्या कडेवरून थेट बाहेर गेलेली,
बहुतेक ती रडली असेल,
नाहीतर ह्याला कुणी पाणी आणायला उठवलं असेल.

शेरा काय द्यायचा ते सुचेना.
पुढच्या पानावर नवी ओळ घातली,
जमेल तितकी वळणदार:
बाळाचं नाव काय ठेवलं?
खाली सवयीने दहा ओळी सोडल्या.

दुसऱ्या दिवशी वही परत आली.
नऊ ओळी तशाच कोऱ्या.
पहिलीवर त्याने लिहिलं होतं,
अजून नाय.