समोरून या

भोसरीच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीतल्या प्रेसशॉपमध्ये
साडेतीनला कँटीन रिकामं करून दिलं मला.
बेचाळीस स्लाइड्स होत्या माझ्याकडे.
पहिलीवर कमळ.
(या विषयावर सगळे कमळच का टाकतात, कोण जाणे.)

समोर पहिल्या पाळीतली एकोणीस माणसं,
कपड्यांना कटिंग ऑइलचा वास,
आणि पर्सोनेलच्या बिडकर मॅडम. त्या फोनवर म्हणाल्या होत्या,
"तसं काही नाहीये हो आमच्याकडे. एकच केस, तीही जुनी.
पण यंदाच्या ऑडिटमध्ये एक रकाना आलाय."

तो रकाना भरायला मी आले होते.

विश्वास म्हणाले, सुरक्षितता म्हणाले,
मनाला बसलेला धक्का म्हणाले, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं,
"म्हणजे करंटचा का?"
सगळे हसले. मीही.
हसला नाही तो रऊफ तांबोळी.
खुर्ची ओढून, भिंतीला पाठ लावून,
दार दिसेल असा बसलेला.
मी लगेच वहीत टिपलं ते. हुशार ना मी.

सांगितलं मालन खिलारेनं, ताटं विसळता विसळता,
माझ्याकडे न बघता :
"दीड वर्स झालं. सात नंबरखाली गोरखची बोटं गेली. तीन.
रऊफभाई आठवर. बटन दाबलं ते यानं.
बोटं डब्यात घातली, वर कँटीनचा बर्फ,
टेम्पोत मांडीवर डबा धरून वायसीएमला गेला तोही हाच.
गोरखला भरपाई मिळाली, यवतला रसवंती टाकलीय म्हणतात.
ह्याला काय मिळालं माहितीये?
मेमो.
पाळी अर्ध्यात सोडली म्हणून."

"आन् मशीन?"

"पुसलं. पोपटी रंग दिला. रातपाळीला चालू."

यानंतर माझ्याकडे एकोणतीस स्लाइड्स उरल्या होत्या
आणि मी त्या दाखवल्या. सगळ्या.

मग चहा. रऊफ खिडकीशी पाठमोरा उभा,
मला भरून आलं, काहीतरी करावंसं वाटलं,
मी जवळ गेले आणि मागून
त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कप फुटला. चहा भिंतीवर, माझ्या साडीवर,
तो कोपऱ्यात, दोन्ही तळहात छातीशी मिटलेले.
"सॉरी मॅडम," म्हणाला.
तो म्हणाला. मला.

नाशिक फाट्यावर सिग्नल दोनदा हिरवा झाला,
मागचे हॉर्न वाजवत राहिले
आणि मला गाडीचा गिअर सापडेना.

पुढच्या गुरुवारी गेले ती फक्त वही घेऊन.
फार काही झालं नाही. खरंच फार नाही.
भोंगा बदला म्हणाले, तो अजून खरेदी विभागात अडकलाय.
गोरखचं नाव घेऊन दोघंजण बोलले, तिसरा उठून गेला,
त्याला जाऊ दिलं.
बिडकर मॅडमनी फाईल काढली. म्हणाल्या,
मेमो फाडता येत नाही, नियम नाही तसा,
पण त्याच्यावर दुसरा कागद लावता येतो.
आणि लावला. खाली सही करताना
पेन चालेना त्यांचं, माझं घेतलं.

सुपरवायझर धोंगडे मात्र माझ्यावर चिडून आहेत.
वीस वर्षं ते मागून येऊन
व्हर्नियरनं पाठीवर टकटक करत आले.
आता अख्ख्या लाइनला वळसा घालून समोरून जायचं.
"सत्तावीस पावलं जास्त पडतात मॅडम, मोजलीत मी.
दिवसाला किती वेळा, करा हिशेब."

केला मी. त्यांना सांगितला नाही.

मार्चमध्ये गेले तेव्हा काचेतून बघत होते :
धोंगडे निघाले, चार नंबर, पाच,
पोपटी सातला वळसा,
आठच्या समोर येऊन थांबले. ओरडले काहीतरी,
त्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं.

रऊफनं डायवरची नजर न उचलता
डावा हात वर केला,
हातमोज्याची पाच बोटं पसरून दाखवली.

पाच मिनिटं.

धोंगडे थांबले.