रंग वाळेपर्यंत

हर्णैच्या बंदरात होड्यांची नावं मी लिहितो.
बंदीच्या महिन्यांत होड्या वर ओढल्या
की माझा हंगाम.
'जलकन्या', 'अल मदिना', 'एकवीरा प्रसाद'.
रफाराची शेपूट कुठे सोडायची,
खाऱ्या पाण्यात कुठलं अक्षर आधी उडतं,
एवढं मला कळतं.

परवा शिडीवर होतो.
'दर्यादौलत'मधला र्या अर्धा झाला होता
तेव्हा खाली तिघांनी
आंब्यावर फवारायचा पंप आणला
आणि टाकीपाशी पाणी भरणाऱ्या बहादूरवर सोडला.
जंतुनाशक. डोळ्यांत.
"चिन्या, तूच आणलास ना करोना?"
कोणीतरी हसलं.
मग पुष्कळ जण हसले.
मी हसलो नाही, असं घरी सांगितलं.
तोंडावर मास्क होता. कोण बघणार.

आज संध्याकाळी बुरोंडकरांची सायमा आली.
नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज बंद म्हणून इथे.
उंबऱ्याबाहेरूनच बोलली,
"काका, उद्या दहाला जेटीवर उभं राहायचंय.
घोषणा नाहीत. फक्कीचे गोल आखलेत,
सहा-सहा फुटांवर. वीस.
एकोणीस माणसं झालीत."
हे शेवटचं तिने मुद्दाम सांगितलं की सहज, कळलं नाही.
"आणि एक पाटी लिहून द्या."
काय लिहू?
"त्यांचं नाव. बाकी काही नको."
मी म्हटलं, बहादूर.
ती जराशी थांबली.
"लोकेंद्र. लोकेंद्र साउद."

सात हंगाम त्याने माझी शिडी धरली आहे.

रात्री पुठ्ठा जमिनीवर अंथरला. उजेड बॅटरीचा,
वादळात पडलेला खांब अजून तसाच आहे.
छपराला निळी ताडपत्री, खाली एक खोली.
शेवंता भिंतीकडे तोंड करून.
तिच्याही उशाशी एक पंप असतो, दम्याचा.
एका खोलीत विलगीकरण
कोणाचं कोणापासून करायचं?
दापोलीत ऑक्सिजनच्या खाटा किती,
ते सायमालाच विचारायला हवं होतं.
आणि वीस माणसं उभी राहून काय होणार?
पंपवाल्यांतल्या एकाचीच 'दर्यादौलत'.
नाव अर्धं आहे, पैसेही अर्धे.

पण गेल्या आठवड्यात रेशनच्या रांगेत
मी दीड तास उभा होतो, खांद्याला खांदा लागून.
तेव्हा तिचा दमा आठवला नाही.
नाही, आठवला होता.
तांदूळ हवे होते.

लो काढला. कें काढला, वरचं टिंब नीट गोल.
द्र नेहमी फसवतो, आज पहिल्या फटक्यात बसला.
साउदमधला उ आधी दीर्घ झाला,
तो रॉकेलच्या बोळ्याने पुसून ऱ्हस्व केला.
"काय लिहिताय?"
वाचून दाखवलं.
"हा कोण?"
सांगितलं.
बराच वेळ नुसता तिचा श्वास,
दाराच्या फटीतून वारा यावा तसा.
मग म्हणाली,
"हसला होतात ना तुम्ही?"

मी ब्रश धुवायला घेतला.

"जायचं तर जा. पण मग चौदा दिवस
या दारात पाय ठेवायचा नाही."
आणि झोपू कुठे?
"तो कुठे झोपतो?"

खलाशी बंदीत होडीतच झोपतात.
जाळ्यांच्या ढिगावर, वर प्लास्टिक.
त्याच्या शेजारची होडी रिकामी आहे,
माझ्याच हातचं नाव तिच्यावर.
तिच्या आत मी कधी गेलेलो नाही.

पहाटेचे तीन.
बोट लावून बघितलं,
द्र अजून ओला, थोडा बोटाला आला.
दाराशी तिने एक चादर ठेवली आहे, घडी घालून.
धुवायला काढली असेल.
विचारलं नाही.